पुढच्या कॅमेऱ्याची वाट

येणाऱ्या पाहुण्याविषयी बोलण्यात जी गोडी असते, ती पाहुणा आल्यावर उरतेच असे नाही. पाऊस, परीक्षेचा निकाल आणि नवा कॅमेरा या तिघांनाही हे लागू पडते. पाऊस आणि निकाल यांविषयी आपल्या महाविद्यालयात पुष्कळ बोलले जाते. कॅमेऱ्याविषयी ऐकायचे असेल, तर देवासला माझ्या मामांच्या स्टुडिओत जावे.

देवास आपल्याला अगदीच परके नाही. पवारांच्या राज्यांबरोबर धार आणि देवास येथे मराठी घरे गेली आणि तिथलीच झाली. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्वही १९४८ साली देवासला गेले ते अखेरपर्यंत तिथेच राहिले. माझे आजोबा धारला फोटोग्राफर होते. मामांनी आपले दुकान देवासला थाटले.

संध्याकाळी तिथे गावातले चार फोटोग्राफर जमतात आणि चहाबरोबर अफवा निघतात. पुढचे मॉडेल शंभर मेगापिक्सेलचे येणार, अंधारातही फोटोत दाणे दिसणार नाहीत, वजन निम्मे होणार! एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ठिपके जितके अधिक, तितका फोटो मोठा करता येतो, एवढे या चर्चेचे मूळ.

या अफवा अगदीच बिनबुडाच्या नसतात. कॅननने २०१५ साली २५० मेगापिक्सेलचा सेन्सर प्रयोगादाखल दाखवला होता. १८ किलोमीटरवरून उडणाऱ्या विमानावरची अक्षरे त्यातून वाचता आली, असे कंपनीने सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये तर ४१० मेगापिक्सेलचा सेन्सर जाहीर झाला. पण त्याच कंपनीचे दुकानात मिळालेले कॅमेरे पाहा. २०१५ चा ५डीएस ५० मेगापिक्सेलचा, २०२० चा आर५ मात्र ४५ चा, आणि २०२४ साली खास व्यावसायिकांसाठी आलेला आर१ अवघ्या २४ चा! खेळाचे आणि बातम्यांचे फोटो काढणाऱ्याला वेग हवा असतो. प्रत्येक फोटोचे ओझे वाढले की तो वेग राखणे अवघड होते. शिवाय तपशील दुप्पट हवा, तर ठिपके चौपट लागतात, कारण रुंदी आणि उंची दोन्ही वाढवावी लागतात. ४५ वरून १०० वर उडी मारली, तरी रुंदीत वाढ होते ती जेमतेम दीडपट.

हे सारे मामांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरीही ते शंभराची वाट पाहत होते, आणि त्याला कारण होते. माळ्यावर आजोबांच्या निगेटिव्हच्या तीन पेट्या आहेत. धारची लग्ने, मुंजी, मांडूच्या सहली, सगळे त्यात आहे. "शंभरवाला येऊ दे रे, मग एकदाच नीट कॉपी करू," असे मामा दर सुटीत म्हणत.

गेल्या मे महिन्यात पेटी उघडली, तर व्हिनेगरचा वास आला. जुनी ॲसिटेट फिल्म उष्ण दमट हवेत विघटू लागली की तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटते, आणि तेच आम्ल पुढची नासाडी आणखी वेगाने करते. एक निगेटिव्ह उजेडासमोर धरली. नवरीचा शालू स्पष्ट, हातातली फुले स्पष्ट. चेहऱ्यावरचा थर मात्र सुरकुतून सुटलेला. ती कोणाच्या घरची, हे मामींनाही ओळखता आले नाही.

मी वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. मामांपाशी आहे तो कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा. त्याच्या चौकटीची उंची ५४६४ ठिपके. आजोबांची चौकोनी निगेटिव्ह तेवढ्यात बसवली आणि इंचाला ३०० ठिपके धरून छापली, तर अठरा इंचांचा चौरस फोटो निघतो. आजोबांनी स्वतः एवढा मोठा फोटो क्वचितच कोणाला दिला असेल!

मामांनी वही वाचली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला लाईट बॉक्स टेबलावर आडवा केला आणि कॅमेरा खाली तोंड करून स्टँडला बांधला. मी निगेटिव्ह पुसून द्यायचो, ते बटण दाबायचे. त्या सुटीत एक पेटी पुरी झाली. निम्मी दुसरी दिवाळीत झाली.

चहाच्या वेळचे बोलणे अजून तसेच चालते, आणि मामांचा उत्साह त्यात सर्वांहून अधिक. शंभरवाला येईलही, आला तर त्याने उरलेल्या पेटीचे काम अधिक बारीक होईल. पण त्या नवरीचा चेहरा चारशे दहा मेगापिक्सेललाही दिसणार नाही. मित्रहो, तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. येत्या सुटीत ती एकदा उघडून वास घेऊन पाहा.