दीपस्तंभ आणि विंचू

आमच्या गावच्या देवळाचा एक फोटो अजून बऱ्याच जणांच्या मोबाईलवर आहे. समोर पांढराशुभ्र दीपस्तंभ, त्याच्यामागे कौलारू सभामंडप, त्यामागे घुमट, आणि या सगळ्याच्या वर घुमटावरच उतरल्यासारखी आकाशगंगा. फोटो मी काढलेला आहे आणि तो खोटा आहे. तो खोटा कसा झाला आणि खरा काढायला काय काय करावं लागलं, ते आज सांगून टाकतो.

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचं वेड मला चाळिशी उलटल्यावर लागलं. एक सेकंडहँड डीएसएलआर घेतला होता, घरच्या मुंजी-बारशांसाठी. त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आणि एक तिपाई, एवढंच भांडवल. पहिल्या रात्री उत्साहाने घराच्या गच्चीवर गेलो, लेन्स अनंताच्या खुणेवर लावली, शटर तीस सेकंद उघडं ठेवलं. फोटोत तारे आलेच नाहीत, साबुदाणे आले! तेही एका बाजूला ओढलेले.

मग हळूहळू कळत गेलं. लेन्सवरची अनंताची खूण भरवशाची नसते. एखादा ठळक तारा घ्यायचा (मी व्याध घेतो), कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मोठा करून बघायचा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत हाताने फोकस फिरवायचा. तारे ओढले जातात ते पृथ्वी फिरते म्हणून, तासाला १५ अंश. त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. लेन्सच्या मिलिमीटरांना कॅमेऱ्याच्या गुणकाने गुणायचं आणि ५०० ला त्याने भागायचं. माझ्या कॅमेऱ्याचा गुणक दीड. अठरा दिढे सत्तावीस, आणि ५०० भागिले २७ म्हणजे साडेअठरा सेकंद. मी पंधराच धरतो. आयएसओ ३२००, लेन्स जास्तीत जास्त उघडी, आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. शिवाय आपल्या गोव्यात एक मऊ फडका खिशात हवाच, कारण पहाटे लेन्सवर दंव धरतं आणि अर्ध्या तासाने सगळं आकाश धुरकट का झालं म्हणून आपण ढगांना दोष देत बसतो.

एवढं जमल्यावर तारे नीट यायला लागले. पण ते फोटो दुसऱ्या दिवशी बघितले की काहीतरी चुकल्यासारखं वाटे. नुसतं आकाश कुणाचंही असतं. मृग नक्षत्राचा फोटो बडोद्याहून काढा नाहीतर हैदराबादहून, मृग तो मृगच. तो आपला व्हायचा तर खाली आपली जमीन दिसायला हवी.

तसं बघितलं तर जमिनीचा पत्ता आकाशातही असतो. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं की आपले अक्षांश मिळतात. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश भरते. आमच्याकडे ध्रुव दीड मूठ वर. इंदूरला सव्वादोन, ग्वाल्हेरला अडीचपेक्षा थोडा जास्त. उलट दक्षिणेला त्रिशंकू, म्हणजे इंग्रजीतला सदर्न क्रॉस, ग्वाल्हेरच्या माणसाला जेमतेम क्षितिजाला टेकलेला दिसेल, आणि आमच्याकडे तोही जवळजवळ दीड मूठ वर येतो. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला त्रिशंकू, दोघे जवळपास सारख्या उंचीवर. हे मोजलं त्या रात्री मला गोव्यात जन्मल्याचा उगाचच अभिमान वाटला. असो.

तर जमीन हवी, आणि ती कुठली, यात शंकाच नव्हती. आमचं गाव फोंडा तालुक्यातलं. या महालातले कितीतरी देव मुळात इथले नव्हेत. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा भाविकांनी मूर्ती उचलून नदीपार आणल्या. १५६० साली मंगेश कुट्ठाळीहून झुआरी ओलांडून प्रियोळला आला, तो असाच. आमच्या देवाचीही अशीच गोष्ट लहानपणी ऐकलेली. त्यात नेहमी एक वाक्य असे, की ती काळोखी रात्र होती म्हणून देव सुखरूप आला.

आता त्याच देवाच्या अंगणात काळोख नाही. काही वर्षांपूर्वी आसपासच्या देवळांत चोऱ्या झाल्या आणि आमच्या समितीने दोन फ्लडलाईट बसवले. संध्याकाळी लागतात ते सकाळी विझतात. त्या प्रकाशात पंधरा सेकंद शटर उघडं ठेवलं की दीपस्तंभ जळून पांढरा ठिक्कर होतो आणि आकाश धुतलेल्या पाटीसारखं करडं. शटर कमी वेळ उघडलं तर दीपस्तंभ छान येतो, पण तारा एक नाही. चार-पाच रात्री घालवल्या आणि नाद सोडला.

याच सुमारास, फेब्रुवारीतल्या अमावास्येला, मी चोर्ला घाटात गेलो होतो. तिथे पहाटे साडेपाचच्या आत आग्नेयेला आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी भाग उभा होता. त्यात विंचू, म्हणजे वृश्चिक रास, त्याच्या पोटात तांबडी ज्येष्ठा, खाली नांगीत मूळ नक्षत्र. फोटो मनासारखा आला, पण खाली झाडांची काळी रेघ सोडली तर काही नाही. घरी भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मामा, आकाश आहे, देऊळ आहे, मग अडलंय कुठे?" संध्याकाळी काढलेला देवळाचा एक फोटो त्याने घेतला, त्यावरचं आकाश कापलं आणि चोर्ल्याचं आकाश बसवलं. चहा निवायच्या आत काम झालं.

मी तो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली एक ओळ लिहायला हवी होती, ती लिहिली नाही. का नाही लिहिली याचं उत्तर मला चांगलं ठाऊक आहे. "कितें सोबीत!" म्हणून धडाधड निरोप आले. मुंबईला स्थायिक झालेल्या महाजनांचे आले. कुणी तो फोटो घरात देव्हाऱ्याशेजारी लावला. समितीच्या अध्यक्षांनी कळवलं की पुढच्या वर्षीच्या देवस्थानच्या कॅलेंडरवर हाच घालायचा.

मग एका रविवारी रस्त्यात मास्तर भेटले. आमच्या मराठी शाळेत त्यांनी आम्हाला चौथीपर्यंत शिकवलं. ऐंशीच्या घरात आहेत. फोटो नातवाच्या मोबाईलवर पाहिला म्हणाले. मला वाटलं आता शाबासकी. ते म्हणाले, "विंचू दक्षिणेकडलो. तो आमच्या देवळाफाटल्यान कसो पावलो?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. आमचं देऊळ पूर्वाभिमुख. दीपस्तंभामागे देऊळ दिसायचं तर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहावं लागतं, आणि माझा फोटो तर जरा वायव्येकडेच वळलेला होता. विंचू आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून जातो, नैर्ऋत्येला मावळतो. वायव्येला तो आजवर कधी गेला नाही, पुढेही जाणार नाही. शेकडो लोकांनी फोटो पाहिला, पण आकाश बघितलेला माणूस त्यांत एकच निघाला.

मी सरकारी कचेरीत कारकून. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात, की चूक झाली तर आडवी रेघ मारून खाली सही करा, पण नसलेली नोंद मागाहून आत घुसवू नका. वीस वर्षं ते पाळलं. आणि इथे मी देवाच्या दारात नसलेली नोंद घुसवून, वर वाहवा घेऊन मोकळा झालो होतो. दोघांच्या आकाशांचे फोटो जोडून चित्र करण्यात काही गुन्हा नाही. लोक करतात आणि तसं सांगतात. मी सांगितलं नव्हतं. त्या रात्री ग्रुपवर लिहिलं: वरचं आकाश चोर्ल्याचं आहे, आपल्या देवळावर ते असं कधी दिसत नाही, कॅलेंडरवर कृपया घालू नये. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने हात जोडल्याची खूण टाकली. तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

पुढच्या सभेला मी समितीकडे अर्ज दिला: एका अमावास्येला अर्धा तास दिवे बंद ठेवावेत. खजिनदार म्हणाले, "लायट बंद केली आनी चोरी जाली जाल्यार जाप कोण दितलो?" त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी खजिनदार स्वतः हजर राहतील या अटीवर ठरलं, पण तोवर एप्रिल उजाडला. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. फेब्रुवारीत पहाटे साडेपाचला विंचू जिथे होता, तिथे एप्रिलमध्ये तो रात्री दीडलाच येणार. आणखी लांबलं असतं तर ढग, आणि मग जूनपासून चार महिने आकाशच नाही.

अमावास्येच्या रात्री आम्ही चौघे होतो: मी, खजिनदार, रखवालदार आणि न बोलावता आलेले मास्तर. सभामंडपाच्या पायऱ्यांशी, उत्तरेच्या कोपऱ्यात तिपाई लावली, तोंड आग्नेयेला. म्हणजे देऊळ माझ्या पाठीशी आणि समोर फक्त दीपस्तंभ. पणजी-वास्कोचा उजेड पश्चिमेला, तोही पाठीमागे. समोर सह्याद्रीची बाजू, त्यातल्या त्यात काळी. दिवे बंद झाले. आधी काहीच दिसेना. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आमच्याकडे तर एकूण तीसच होती.

पहिल्या फोटोत तारे छान आले, दीपस्तंभ मात्र कोळशाचा. मास्तरांनी घरून आणलेली पणती पेटवली आणि दीपस्तंभाच्या खालच्या कोनाड्यात ठेवली. पंधरा सेकंदांत एका पणतीने तो कोनाडा जाळून पांढरा केला! मग पणती तुळशी वृंदावनाच्या आड ठेवली, नुसती ज्योत दिसू नये अशी. आता स्तंभाचे खालचे दोन मजले पिवळसर उजळले, वरचे हळूहळू काळोखात विरत गेले आणि त्यांच्या वर विंचू. दहा-बारा फोटो काढले असतील.

मी पडद्यात डोकं घालून होतो, म्हणून मागे काय चाललंय ते उशिरा कळलं. खजिनदार घड्याळ बघायचे सोडून वर बघत होते. मास्तर त्यांना बोटाने ज्येष्ठा दाखवत होते. "आमी भुरगे आसताना हें सगळें अंगणांतल्यान दिसतालें," ते म्हणाले. खजिनदार साठीचे आहेत. त्यांनी विचारलं, हा ढग आहे की आकाशगंगा? मास्तर म्हणाले, ढग असता तर हलला असता. दोन वाजून गेले तरी दिवे लावायला कुणी हललं नाही. दोन वाजून बारा मिनिटांनी रखवालदारानेच बटण दाबलं. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले.

खरा फोटो ग्रुपवर टाकला, तारीख, वेळ आणि दिशा लिहून. आकाशगंगा चोर्ल्यापेक्षा बरीच फिकी आहे, उजव्या कोपऱ्यात मळभ आलं आहे. दोघांनी विचारलं, "देऊळ खंय?" कॅलेंडरवर शेवटी जत्रेतल्या पालखीचा फोटो गेला, आणि ते बरंच झालं.

खजिनदारांनी फ्लडलाईटना पत्र्याच्या टोप्या बसवायची सूचना मांडली आहे, म्हणजे उजेड खाली दारावर पडेल आणि वर जाणार नाही. सूचना विचाराधीन आहे. हा शब्द मी रोज लिहितो, त्यामुळे फार आशा धरत नाही. पण मास्तरांनी परवा विचारलं की पावसाळा सरल्यावर पहिली अमावास्या कधी. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यांना तारीख लिहून दिली.