आमची पंचगिरी

पाचामुखी परमेश्वर, असे आपले वाडवडील सांगत आले. मैदानावरच्या पंचाला मात्र मुख एकच असते, डोळे दोनच असतात आणि परमेश्वर त्याच्यापासून बराच दूर उभा असतो, हे गेल्या हिवाळ्यात आम्हांस स्वानुभवाने कळले. सॉफ्टबॉलच्या एका सामन्यात आम्ही पंच झालो. पंचत्व पावलो नाही, ही केवळ थोरामोठ्यांची पुण्याई!

आमच्या बऱ्हाणपुरात सॉफ्टबॉलचे नाव काढले की, "म्हणजे क्रिकेटच ना?" असा प्रश्न अजूनही कानी येतो. वास्तविक हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी तो प्रथम चार भिंतींच्या आत खेळला गेला. मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून त्याचाच चेंडू केला होता म्हणतात. १९९६ साली मुलींच्या सॉफ्टबॉलला ऑलिंपिकमध्येही स्थान मिळाले. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात आणि शेवटच्या ठाण्याला होम प्लेट. फलंदाजाने चेंडू टोलवून एकामागून एक बेस गाठीत घरी परतावे, म्हणजे एक धाव झाली. दोन बेसमधले अंतर अवघे साठ फूट. त्यामुळे धावणारा आणि चेंडू बहुधा एकाच क्षणी येऊन पोहोचतात, आणि त्या क्षणाचा न्याय करावयास पंच लागतो.

आम्ही आमच्या शाळेच्या संघाचे कॅचर. परंतु दिवाळीनंतर सरावात उजव्या हाताची करंगळी मोडली आणि आम्ही मैदानाच्या कडेला बसलो. अशात चौदा वर्षांखालील मुलांचा बाहेरगावच्या एका संघाशी मैत्रीचा सामना ठरला. आमच्या क्रीडाशिक्षकांनी आम्हांस बोलावून हातात एक लहानसा ब्रश दिला. होम प्लेटवरची धूळ झाडण्याचा तो ब्रश, म्हणजे पंचाची जणू राजमुद्राच! "कॅचरची जागा तुला ठाऊक आहे. प्लेटमागे तू उभा राहा. बेसपाशी पाहुण्यांचे एक तरुण शिक्षक पंच असतील," असे सर म्हणाले. आमचा धाकटा भाऊ याच संघात खेळत होता, ही गोष्ट आम्ही सरांच्या कानी घातली. पाहुण्यांनाही ती सांगण्यात आली. त्यांनी हसून मान्यता दिली. आम्हांस मात्र हसू आले नाही.

सामन्याच्या दिवशी दोन्हीकडचे पालक झाडाखाली जमले. आमचे बाबाही आले होते. बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात. दिवसभर मागांच्या खडखडाटात एकमेकांस हाक मारावयाची म्हणजे आवाज चढवावाच लागतो. त्यामुळे त्यांचे साधे बोलणेही शेजारच्या आळीत ऐकू जाते. वृत्तीने ते प्रेमळ आहेत. परंतु मुलाचा खेळ पाहताना प्रेमाला आवाज फुटला, की त्याचे काय होते ते त्या दिवशी दिसून आले.

दुसऱ्या डावात धाकट्याच्या पायांपाशी खाली आलेला एक चेंडू आम्ही बाद न धरता 'बॉल' म्हणून पुकारला. लगेच पाहुण्यांच्या बाजूने कोणी म्हणाले, "भाऊच पंच, मग काय विचारता!" पुढल्याच चेंडूला आम्ही 'स्ट्राइक' दिला, तेव्हा आमच्या बाजूने बाबांचा आवाज आला, "अरे, डोळे उघडे ठेव!" मुखवट्याच्या जाळीआड आमचे कान तापले. तेव्हापासून आम्ही चेंडू कमी पाहू लागलो आणि झाडाखालची माणसे अधिक ऐकू लागलो. पंचाचा अधःपात येथूनच सुरू होतो.

सातवा, म्हणजे शेवटचा डाव आला. पाहुण्यांची एक धाव जास्त होती. आमचे दोन गडी बाद झाले होते आणि तिसऱ्या बेसवर धाकटा उभा होता. फलंदाजाने चेंडू टोलवला, धाकटा सुटला, पलीकडून चेंडूही सुटला. धाकट्याने प्लेटकडे अंग झोकून दिले. धूळ उडाली. कॅचरचा हातमोजा त्याच्या खांद्याला लागलेला आम्ही पाहिला आणि मूठ वर केली. बाद! सामना संपला.

त्यानंतरचे अर्धे मिनिट आम्हांस आजही तसेच्या तसे आठवते. आमचे सर सावकाश चालत आमच्याजवळ आले. खालच्या आवाजात त्यांनी विचारले, "स्पर्श झाल्यावर चेंडू त्याच्या मोज्यात राहिलेला पाहिलास का? बेसवरच्या पंचांना एकदा विचारावेसे वाटते का?" प्रश्न रास्त होता. स्पर्श करताना चेंडू हातातून निसटला, तर धावणारा बाद होत नाही, असा नियम आहे. निर्णयाबद्दल शंका असेल तर एका पंचाने दुसऱ्यास विचारावे, यातही काही कमीपणा नाही. खरे सांगावयाचे तर आम्ही मोजा पाहिला होता, चेंडू पाहिला नव्हता. वळून विचारावे, असे मनात आलेही. तोच झाडाखालून बाबांची गर्जना आली, "आंधळा आहेस का रे? चेंडू पडला!" आणि दुसऱ्या बाजूने, "आता बघा, भावासाठी फिरवतो!"

आम्ही सरांना म्हणालो, "सर, निर्णय दिला आहे."

सरांनी मान डोलावली. "ठीक आहे," एवढेच म्हणून ते वळले आणि मुलांना हस्तांदोलनासाठी रांगेत उभे करू लागले.

त्या सायंकाळी आम्ही घरी न जाता राजघाटावर जाऊन बसलो. तापी नेहमीसारखी वाहत होती. दिवेलागणीला घरी आलो तेव्हा बाबा बोलले नाहीत. आईने मुकाट्याने पाने वाढली. रात्री अंथरुणावर धाकटा हळूच म्हणाला, "दादा, चेंडू खरेच पडला होता. माझ्या पाठीखाली आला होता. पण मी कुणाला सांगणार नाही." त्याच्या रडण्यापेक्षा हे आश्वासनच आम्हांस अधिक लागले. आमचा न्याय आता त्याच्या दयेवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्रश परत करावयास सरांकडे गेलो आणि घडले ते सांगितले. सरांनी ब्रश घेतला नाही. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली १९८० सालची, मुंबईच्या वानखेडे मैदानावरची. भारत आणि इंग्लंड यांच्या कसोटीत पंचांनी बॉब टेलर यास झेलबाद दिले. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना, चेंडू बॅटला लागला नाही असे वाटले. त्यांनी पंचांकडे जाऊन अपील मागे घेतले आणि टेलर यास परत बोलावले. पुढे टेलर आणि बोथम यांची मोठी भागीदारी झाली आणि भारत तो सामना हरला. दुसरी गोष्ट अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची, २ जून २०१० ची. बेसबॉलच्या सामन्यात अर्मांडो गॅलरागा याने ओळीने सव्वीस गडी बाद केले. सत्ताविसावाही बाद होता. परंतु पंच जिम जॉयस यांनी तो नाबाद ठरवला आणि खेळाडूचा दुर्मिळ विक्रम हुकला. गॅलरागा केवळ हसला आणि पुन्हा चेंडू टाकावयास गेला. सामन्यानंतर जॉयस यांनी चित्रफीत पाहिली, चूक कबूल केली आणि त्याची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचांच्या हाती देण्यास मुद्दाम गॅलरागाच गेला. तेव्हा जॉयस यांचे डोळे भरून आले होते.

"पहिल्या गोष्टीत वेळ होती, दुसरीत नव्हती," सर म्हणाले. "पण दोन्हींत पंचावर कोणी ओरडले नाही असे समजू नकोस. हजारो लोक ओरडले असतील. ज्याचा संबंध होता तो मात्र ओरडला नाही. म्हणून पंचाला माणूस राहता आले."

वाचकहो, त्या दिवसापासून आम्ही एका गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. सॉफ्टबॉलच्या नियमांत एक सुंदर भेद आहे. पंचाने नियमाचा अर्थ चुकीचा लावला, तर संघाला रीतसर तक्रार करता येते. परंतु चेंडू आधी आला की धावणारा, हे पंचाच्या डोळ्यांनी ठरते आणि त्यावर तक्रार चालत नाही. याचा अर्थ पंच चुकत नाही असा नव्हे. तो चुकतो, म्हणून तर प्रशिक्षकाने जवळ जाऊन हलक्या आवाजात विचारावे, अशी रीत आहे. ती चूक सुधारण्याची खिडकी असते. पालक ओरडतात तेव्हा त्यांना वाटते की आपण ती खिडकी उघडीत आहोत. प्रत्यक्षात ती धाडकन बंद होते. आमचे बाबा खरे बोलत होते. परंतु त्यांच्या आवाजामुळेच ते खरे ऐकणे आम्हांस अशक्य झाले. ऐकले असते, तर आम्ही पंच न राहता पुत्र ठरलो असतो. अर्थात दोष त्यांच्या एकट्याचा नाही. विचारावयाचे धैर्य आम्हांला झाले नाही, हे आमचेच पाप.

हे सारे आम्ही बाबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "धागा तुटला की आम्ही माग थांबवतो, गाठ मारतो, मग पुढे विणतो. तसाच चालू ठेवला तर कापडात दोष राहतो. काल तू माग थांबवायला निघाला होतास, आणि मीच तुला थांबू दिले नाही." एवढे बोलून ते कामावर गेले.

आम्ही मुलांची क्षमा मागितली. पाहुण्या संघालाही सरांमार्फत चिठ्ठी पाठवली. निकाल बदलला नाही आणि बदलावयासही नको होता. माघात पुन्हा एक सामना झाला. आम्ही ब्रशाने प्लेट झाडीत होतो आणि बाबा झाडाखाली उभे होते. तिसऱ्या डावात आम्ही धाकट्याला स्ट्राइकवर बाद दिले. बाबांचे तोंड उघडले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून त्याने तोंड पुसले आणि ते बराच वेळ पुसत राहिले.