आता हात लावते

नव्याने मेडिकल प्लेच्या वाटेला येणारी जोडपी पहिला प्रश्न विचारतात तो सामानाचा. काय घ्यायचं, कुठून घ्यायचं, किती खर्च येईल. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट गाठली की सर्जिकल मालाच्या दुकानांत सगळं मिळतं, हे त्यांनी आधीच हेरलेलं असतं. काचेमागचं चकचकीत स्टील पाहून काही जण पिशवी भरूनच येतात. मी त्यांना ती पिशवी कपाटात ठेवायला सांगते. आधी एक संध्याकाळ रिकाम्या हातांनी काढा. एकाने आडवं व्हायचं, दुसऱ्याने नुसत्या हातांनी तपासायचं: मनगटावरची नाडी, कपाळ, मानेची मागची बाजू, पोट. आणि प्रत्येक स्पर्शाआधी सांगायचं, आता हात लावते. सांगायचं आणि थांबायचं. समोरचा माणूस हो म्हणेपर्यंत हात हवेतच राहू द्यायचा. एवढ्यानेच एखाद्याचा श्वास बदलला, तर पुढच्या गोष्टी बोलता येतात. नाही बदलला, तर हा खेळ तुमचा नाही, आणि पिशवीतलं सामान तो तुमचा करू शकणार नाही.

मी पेशाने नर्स. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या नर्सिंग होममध्ये वॉर्डही केला, ऑपरेशन थिएटर म्हणजे ओटीही केली. घरी, माझ्या जोडीदारासोबत, मी मेडिकल प्ले करते. दोन सज्ञान माणसांनी तपासणाऱ्याची आणि तपासून घेणाऱ्याची भूमिका घ्यायची, खरी उपकरणं वापरायची आणि त्यातून येणारी शरणागती, लाज, उत्सुकता, सुख हे सगळं अनुभवायचं, असा हा खेळ आहे. अंधेरीच्या एका कॅफेत आमच्यासारख्या काही माणसांची अधूनमधून गाठ पडते. तिथे फक्त चहा आणि गप्पा. नवे लोक तिथेच भेटतात, आणि बहुतेकांच्या मनात एक धास्ती असते: आपण बरे आहोत ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणाचा, म्हणजे आयसीडी-११चा, अंमल २०२२ मध्ये सुरू झाला, आणि सज्ञान माणसांच्या परस्परसंमतीच्या अशा आवडी त्याने विकारांच्या यादीतून वगळल्या. हे मी त्यांना सांगते. चेहरे सैल होतात.

लोकांना याची ओढ का वाटते, याचं माझं उत्तर वॉर्डातून आलेलं आहे. गर्दीच्या ओपीडीत माणसाचा सदरा वर केला जातो, पोट दाबलं जातं, पडद्याआड कुणीतरी डोकावून जातं, आणि काय चाललंय हे त्याला कुणी सांगत नाही. सांगायला वेळ नसतो. ती असहायता अंगात राहते. खेळात तीच असहायता माणूस आपणहून मागून घेतो, आणि ती कधीही संपवायची मुभा त्याच्याच हातात असते. म्हणून जो तपासणारा सांगत नाही, विचारत नाही, झटपट उरकतो, त्याच्या हातात कितीही महागडं स्टील असलं तरी त्याने ओपीडीचीच नक्कल केलेली असते. आपल्या या कलेचा गाभा संथपणात आहे, आणि संथपणा दुकानात मिळत नाही.

पहिलं उपकरण मी स्टेथोस्कोपच सुचवते. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक यांच्यासमोर हृदयविकाराची एक तरुणी होती. तिच्या छातीला कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, आणि कानाने ऐकू आलं असतं त्याहून स्पष्ट ठोके ऐकू आले. संकोचातून जन्मलेलं हे उपकरण. संकोच आपल्याकडेही होताच. परक्या पुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा दुखणं अंगावर काढणाऱ्या बायकांसाठी १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं, बायकांनीच चालवलेलं. लंडनहून डॉक्टर होऊन आलेल्या रखमाबाई तिथे काम करून गेल्या. दोन शरीरांमध्ये किती अंतर असावं, ते कुणी ठरवावं, हा प्रश्न त्या कागदाच्या सुरळीत होता, कामा रुग्णालयाच्या दारातही होता, आणि आमच्या खेळाचा तर तोच विषय आहे.

वॉर्डात मी स्टेथोस्कोपची चकती तळहातावर ऊब देऊन मगच रुग्णाला लावते. घरी आधी विचारते, गार की कोमट? अनेकांना गारच हवी असते. गार धातू छातीला लागण्याआधीचा तो क्षण लांबवता येतो. चकती कातडीपासून बोटभर अंतरावर धरून नुसतं म्हणायचं, दीर्घ श्वास घ्या. मग लावायची. मग खरंच ऐकायचं. खोटं ऐकू नका, असं मी बजावते, कारण आडव्या माणसाला ते लगेच कळतं. नाडी सत्तरवरून शंभराकडे जाताना ऐकणं आणि ते त्याला शांतपणे सांगणं, यात जी जवळीक आहे ती मला दुसऱ्या कशातही सापडली नाही. शेवटी कानाची टोकं त्याच्या कानात घालायची आणि त्याचं काळीज त्यालाच ऐकवायचं. मोठी माणसं यावर रडलेली मी पाहिली आहेत.

दुसरं उपकरण ट्यूनिंग फोर्क, १२८ हर्ट्झचा. मेंदूविकाराचे डॉक्टर कंपनाची जाणीव तपासायला तोच वापरतात. तळहाताच्या कडेवर आपटून त्याचा दांडा घोट्याच्या हाडावर, गुडघ्यावर, कोपरावर, छातीच्या मधल्या हाडावर टेकवायचा. कातडीला गुदगुली होत नाही, हाडच आतून गुणगुणतं. डोळे मिटून घेतलेल्या माणसाला म्हणायचं, थांबलं की सांगा. तो मन लावून ऐकतो, आणि त्या ऐकण्यात त्याचं सगळं शरीर एका जागी गोळा होतं. रबरी हातोडी गुडघ्याखाली चालेल. पाठीवर मूत्रपिंडाच्या जागी ठोकायची नाही. कातडीची जाणीव तपासायचं वॉर्टेनबर्गचं टोकदार चाक हलकं फिरवायचं, कातडी फाटता कामा नये, आणि एकाचं चाक दुसऱ्याला लावायचं नाही. रक्तदाबाचा पट्टा फक्त दंडाला, तोही थोड्या वेळासाठी. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला अजिबात नाही. गळ्याभोवती कधीच नाही. मानेच्या बाजूंना बोटांनी दाबून नाडी शोधू नका. तिथल्या दाबाने ठोके एकदम मंदावतात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. नाडी मनगटावरही तितकीच छान लागते.

काही गोष्टी नवशिक्यांनी करायच्याच नाहीत, आणि इथे मी नर्स म्हणून बोलते. सुई नाही. कॅथेटर नाही, लघवीचा मार्ग फार नाजूक असतो, एका चुकीच्या हालचालीने त्याला इजा होते आणि जंतुसंसर्ग वर चढतो. गुंगीचं औषध नाही, झोपेची गोळी नाही, दारूही नाही. पेंगुळलेला माणूस नको म्हणू शकत नाही, आणि जिथे नको म्हणता येत नाही तिथे हा खेळ उरत नाही.

सगळ्यांना कुतूहल असतं ते स्पेक्युलमचं, म्हणजे योनी उघडून आत तपासायच्या उपकरणाचं. मी ते पुढच्या पायरीसाठी राखून ठेवायला सांगते, आणि आधी त्याचा इतिहास ऐकवते. जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यातल्या तिघींचीच नावं मागे राहिली: अनार्का, बेट्सी, ल्यूसी. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारण्याजोगी माणसं म्हणून त्यांची गणतीच नव्हती. सिम्सच्या नावाचं स्पेक्युलम आजही ओटीच्या ट्रेमध्ये असतं, मी ते कितीदा हातात दिलं आहे. आणि मग १९७१ साल. लॉस एंजेलिसमध्ये कॅरल डाउनर नावाच्या बाईने जमलेल्या बायकांसमोर प्लास्टिकचं स्पेक्युलम स्वतःच्या हाताने स्वतःला लावून दाखवलं: बघा, हे आपलं आहे, आपल्याला पाहता येतं. मी त्या बाजूची आहे. म्हणून माझा नियम असा की, जिच्या शरीरात ते जायचं आहे तिने आधी ते एकटीने, निवांतपणे हाताळावं, आणि पहिल्यांदा लावावं ते तिनेच. डिस्पोजेबल, लहान आकाराचं. कोमट पाण्यात धरून मांडीच्या आतल्या बाजूला लावून पाहिलेलं. पाण्यात विरघळणारी जेली भरपूर. काढताना पाती पूर्ण मिटवायची नाहीत, आतली त्वचा चिमटते. आत हवा फुंकायची नाही, कोणत्याही कारणाने. हवेचा बुडबुडा रक्तात शिरला तर जीव जाऊ शकतो. गर्भारपणात हा खेळच नको. आणि दुखलं की थांबायचं. सहन करून दाखवणं हा या खेळाचा भाग नाही.

हातमोजे नायट्रिलचे घ्या. लेटेक्सची ॲलर्जी आपल्याला आहे हे अनेकांना मोजे घातल्यावरच कळतं. आणि खोबरेल तेल लांब ठेवा. आपल्या घरात प्रत्येक गोष्टीला खोबरेल लागतं, पण लेटेक्सचे मोजे असोत की काँडम, तेलाने ते कमकुवत होतात आणि फाटतात. स्टील आधी साबणाने आणि ब्रशने घासायचं, खाचा आणि स्क्रू विशेष. मग वीस मिनिटं खळखळ उकळायचं, वेगळ्या भांड्यात. उकळणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. आमच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ दाबाखाली पंधरा मिनिटं तरी फिरते, ते घरच्या पातेल्यात साधत नाही. म्हणूनच कातडी भेदणारं काहीही घरी करायचं नाही. ब्लीचमध्ये स्टील बुडवून ठेवू नका, गंजतं. हॉस्पिटलमधली वस्तू मी कधी घरी आणली नाही आणि आणणारही नाही. वॉर्डातल्या माझ्या रुग्णांचा या खेळाशी काडीचा संबंध नाही. तसंच खेळणाऱ्या कुणी आपल्या खऱ्या डॉक्टरकडे जाऊन, त्याच्या नकळत, त्याला यात ओढू नये. त्याने संमती दिलेली नाही.

थांबण्याचा शब्द आधी ठरवायचा. ‘नको’ आणि ‘पुरे’ हे शब्द कधीकधी भूमिकेचाच भाग असतात, म्हणून वेगळा शब्द हवा. आमचा शब्द आहे विद्याविहार. सेंट्रलच्या फास्ट लोकल तिथे थांबत नाहीत, आमचा खेळ थांबतो. बोलता येणार नसेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. जुडगा पडला की सगळं बंद. दुसरी खूण आपोआप जमून आली. एरवी आम्ही एकमेकांना तू म्हणतो. खेळात मी त्याला अहोजाहो करते: कुशीवर वळा, जीभ बाहेर काढा. त्याच्या तोंडून मध्येच ‘तू’ आलं की मी समजते, तो भूमिकेतून बाहेर आलाय, आणि हातातलं खाली ठेवते. त्या ‘तू’साठी कान सतत उघडे ठेवावे लागतात.

आधीचं बोलणं मात्र साध्या मराठीत, कपडे अंगावर असताना, चहाच्या कपावर व्हायला हवं. कुठे हात चालेल, कुठे नाही, आजार कोणते, औषधं कोणती, दवाखान्याची एखादी वाईट आठवण आहे का. लोक इथेच अडखळतात, शब्दच नाहीत म्हणतात. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, तेही याच मुंबईत. शरीरसुखाबद्दल सरळ मराठीत लिहिलं, म्हणून खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. इतकी किंमत मोजून कुणीतरी ही भाषा आपल्याला मोकळी करून दिली आहे. ती वापरताना आपण का लाजावं?

उपनगरातल्या घरात एकांत हीच मोठी अडचण. वन बीएचकेत सासू-सासरे, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. पण या खेळाला आवाज लागत नाही, हे त्याचे उपकारच म्हणायचे. दबक्या आवाजातल्या सूचना उलट अधिक परिणाम करतात. फोटो काढू नका. कुणाच्या खासगी अंगाचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. पण संमतीने काढलेला फोटोही फोनबरोबर दुरुस्तीच्या दुकानात जातो. आणि संमती हे प्रत्येक गोष्टीला कवच नाही. अठरा वर्षांवरील माणसाने स्वीकारलेला किरकोळ इजेचा धोका कायदा मान्य करतो, गंभीर दुखापत नाही.

संपल्यावर लगेच उठायचं नाही. चादर, पाणी, काहीतरी गोड. आडवा माणूस एकदम उभा राहिला तर भोवळ येते. आलीच तर पुन्हा झोपवून पाय उशीवर. थरथर, रडू, नुसती शांतता, काहीही येऊ शकतं. तपासणाऱ्यालाही येतं, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून एक फोन करावा, कसं वाटतंय म्हणून.

आणि काही बिघडलंच, म्हणजे रक्त थांबत नाही, काही आत अडकलं, ताप आला, पोटात दुखतंय, तर लाजेपोटी रात्र घरात काढू नका. राजावाडी, कूपर, जे रुग्णालय जवळ असेल त्याच्या कॅज्युअल्टीत जा आणि सरळ सांगा. जिन्यावरून पडले वगैरे रचलेली गोष्ट ऐकून डॉक्टर चुकीच्या जागी शोधत बसतात. मी त्या टेबलाच्या या बाजूला उभी राहिले आहे. आम्हाला काय वापरलं, किती वाजता, किती रक्त गेलं आणि कोणती औषधं चालू आहेत, एवढंच हवं असतं. आत आणखी कुणी नको असेल तर तसं म्हणा. पडदा ओढून घ्यायला सांगा. आणि तपासायला आलेल्या हाताला आधी विचारा, काय करणार आहात. तो तुमचा हक्क आहे.