जिनिव्हाच्या चौकातलं फोनचं घर

मुलांनो, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात एका चौकात मोडक्या पायाची बारा मीटर उंच लाकडी खुर्ची उभी आहे. ती बघून लगेच परत फिरू नका हं! जवळच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं कार्यालय आहे.

ऐकूच येत नसेल तर फोन कसा करायचा? रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये अमेरिकेत टाइप केलेली अक्षरं फोनच्या तारेतून पाठवून दाखवली. मग देशोदेशी अशी यंत्रं निघाली. पण गंमत बघा, जर्मनीचं यंत्र फ्रान्सच्या यंत्राशी बोलेना! सरहद्दीपलीकडच्या मित्राला निरोप द्यायचा कसा? शेवटी १९९४ मध्ये या संघाने 'व्ही.१८' हा नियम ठरवला. समोरचं यंत्र कुठल्या पद्धतीचं ते आधी ओळखायचं, मग त्याच पद्धतीने अक्षरं धाडायची. दुभाष्यासारखंच, नाही का?