नाताळच्या सुट्टीत कोणते शहर पाहावे?

नाताळची सुट्टी जवळ आली की घरातली पोरे विचारू लागतात, "यंदा कुठं जायचं?" नोकरदाराच्या घरी या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते. शेतकऱ्याच्या घरी तसे नसते. गोठ्यात दुभती म्हैस असते, गव्हाला पाणी द्यायचे असते, ऊसतोडीची पाळी कधी येईल याचा नेम नसतो. त्यात ही सुट्टी दिवाळीसारखी लांब नाही. कुठे एकच दिवस, कुठे शनिवार-रविवार जोडून तीन-चार दिवस. वर्षातून एखाद्या वेळीच जमणारी सहल. तेव्हा शहर निवडतानाच चार गोष्टींचा विचार केलेला बरा.

पहिली गोष्ट वेळेची. दोन रात्रींत पाहून होईल असे शहर हवे. मुंबईसारख्या अफाट शहरात निम्मा वेळ जाण्यायेण्यातच सरतो. दुसरी गोष्ट पैशाची. नाताळात गोव्याला गर्दी लोटते आणि राहण्याचे दर चढतात. हौसेला मोल नसते हे खरे, पण सहलीसाठी कुणाकडे हात पसरणे शहाणपणाचे नाही. तिसरी गोष्ट घरातल्या सर्वांची. आजीला देवदर्शन हवे, पोरांना किल्ला हवा आणि घरच्या लक्ष्मीला चार दिवस चुलीपासून सुटका हवी. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. शहरातल्या उंच इमारती पाहून पोरगा घरी येतो आणि बापाचे शेत त्याला लहान वाटू लागते. असे होऊ नये. ज्या शहरात शेतकऱ्याच्या घामाची खूण जागोजाग दिसते, ते शहर पोरांना आधी दाखवावे.

या चारही कसांना उतरणारे शहर म्हणजे पंचगंगेकाठचे कोल्हापूर.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर अंबाबाईचे दर्शन घ्यावे. सुट्टीत रांग मोठी असते, म्हणून उजाडतानाच गेलेले बरे. मावळत्या सूर्याची किरणे देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस असतो. नाताळात तो दिसत नाही. पण काळ्या दगडातले ते देऊळ आणि त्यावरचे कोरीवकाम कोणत्याही दिवशी पाहावे असेच आहे. जवळच भवानी मंडप आणि दागिन्यांची गुजरी. कोल्हापुरी साज नुसता पाहायला पैसे पडत नाहीत!

तिथून टाऊन हॉलच्या संग्रहालयात जावे. नदीकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या जुन्या वस्तू तिथे आहेत. त्यांत ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची लहानशी मूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा संबंध थेट रोमशी पोचत होता, हे पोरांना समजावून सांगावे. दुपारी १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडा आणि त्यातले संग्रहालय पाहावे. आणि सायंकाळी रंकाळ्याच्या काठी मोकळी हवा खात बसावे. संग्रहालयांच्या सुट्टीचा वार मात्र आधी विचारून घ्यावा, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

दुसऱ्या दिवशी शाहू महाराजांचे कोल्हापूर पाहावे. महाराज १८९४ साली गादीवर आले आणि १९२२ साली वारले. अवघ्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी जे केले त्याचा माग शहरात पावलोपावली लागतो. १८९५ साली त्यांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला बळ दिले. आज गुळाचे सौदे मार्केट यार्डात निघतात. आपण पिकवलेल्या मालाचा भाव कसा ठरतो, हे पोराने एकदा तिथे उभे राहून पाहावे.

दसरा चौकात तर जरूर थांबावे. खेड्यातली मुले शिकायला शहरात आली तर राहणार कुठे, जेवणार काय, हा प्रश्न महाराजांनी ओळखला. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करण्यास मदत केली. मराठा, जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुले, सर्वांची सोय झाली. त्यांतली काही बोर्डिंगे आजही या चौकात उभी आहेत. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्या घरातली पहिली पिढी आज शिकते आहे, त्या घराने हा चौक देवळाइतक्याच आदराने पाहावा.

महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोममधले जुने क्रीडागार पाहिले. त्यावरून त्यांनी खासबागचे कुस्तीचे मैदान बांधवले. ते १९१२ साली खुले झाले. कुठूनही बसले तरी मधला आखाडा दिसावा अशी त्याची रचना आहे. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ रोजी आग लागून मोठी हानी झाली, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले होते. सकाळी एखाद्या तालमीत तांबड्या मातीत घुमणारे मल्ल पाहायला मिळाले तर पोरे आनंदाने उड्या मारतील. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, ते प्यायला विसरू नये. आपल्या घरी रोज होणारी ही गोष्ट शहरातला माणूस पैसे मोजून, रांगेत उभा राहून घेतो, हेही पोरांना दिसू द्यावे.

तिसरा दिवस हाताशी असेल तर पन्हाळा. कोल्हापूरपासून वीस किलोमीटर. १६६० साली सिद्दी जौहरने घातलेल्या वेढ्यातून शिवाजी महाराज इथूनच निसटले. गडावरचा अंबरखाना शेतकऱ्याने डोळे भरून पाहावा. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी या धान्याच्या कोठारांची नावे. एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. तोफा कितीही असोत, कोठार रिकामे झाले की गड पडतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत पन्हाळा आहे.

वाटेत कुठे गुऱ्हाळ चालू दिसले तर मालकाला विचारून आत जावे. पूर्वीपेक्षा गुऱ्हाळे कमी झाली आहेत, पण डिसेंबरात हंगाम भरात असतो. चुलवाणावर उकळणारी काहील, रसाचा रंग पाहून नेमका क्षण ओळखणारा गुळव्या आणि कोमट काकवी, हे पाहायला तिकीट लागत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते अशाच जाणत्या हातांच्या जोरावर.

ज्यांना नाताळचा सणही पाहायचा आहे, त्यांच्यासाठी शहरात वाइल्डर मेमोरियल चर्च आहे. १८५२ साली कोल्हापुरात आलेल्या अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांचे नाव त्याला दिले आहे. दुसऱ्याचा सण आदराने पाहणे हेही एक शिक्षणच.

आता व्यवस्थेचे. नाताळात लॉज आणि यात्री निवास भरतात, म्हणून जागा आधी सांगून ठेवावी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे पडते. वृद्धांनी सवलतीसाठी ओळखपत्र जवळ ठेवावे. दुपारची भाकरी-चटणी बांधून घ्यावी आणि तांबडा-पांढरा रस्सा किंवा मिसळ एकदाच, पण चवीने खावी.

आणि शेवटची गोष्ट. सारे घर गेले तरी कुणी तरी मागे राहतेच. थोरला भाऊ राहील, नाहीतर शेजारी धार काढायला येईल. त्यांच्यासाठी गुळाचा एक रवा आणि चप्पल लाइनीतून एक जोड घेऊन यावे. पुढच्या सुट्टीत गाडीत बसण्याची पहिली पाळी त्यांची, हेही निघण्याआधीच ठरवून टाकावे.