नवतप्यात रामटेकच्या वाटेवर

विदर्भातील ज्येष्ठ ज्याने भोगला नाही, त्यास उन्हाळा ह्या शब्दाचा पुरता अर्थ कळला असे म्हणवत नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, म्हणजे साधारणतः २५ मेच्या सुमारास, जे नऊ दिवस सुरू होतात त्यांस इकडे नवतपा म्हणतात. त्या दिवसांत नागपुरी पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी कोणी नवल करीत नाही. दुपारी रस्ते ओस पडतात, घरोघर कूलर घरघरू लागतात, आणि जाणती माणसे खिशात कांदा व पोटात कैरीचे पन्हे असल्यावाचून उंबरा ओलांडीत नाहीत.

अशा दिवसांत रामटेकास जाण्याचे कारण आमच्या अक्का. वय ७८. परतीचे तिकीट दोन दिवसांवर आलेले, आणि गडावरच्या रामाचे दर्शन घेतल्याखेरीज विदर्भ सोडावयाचा नाही हा त्यांचा निश्चय. नागपुराहून रामटेक सुमारे ५० किलोमीटर; पुतण्याची मोटार, तीत शीतयंत्र; तेव्हा तासा-दीड तासाच्या प्रवासाची कोणासच धास्ती वाटली नाही.

कामठी मागे पडली, कन्हानचा पूल ओलांडला. नदीच्या रुंद पात्रात वाळूच अधिक, पाण्याची एक बारीक धार. तेथून पुढे यंत्रातून येणारी हवा प्रथम कोमट आणि मग चक्क भट्टीसारखी येऊ लागली. काचा उतरवाव्या तर बाहेरची झळ तोंड भाजीत होती. थोड्या वेळाने अक्कांनी बोलणे थांबविले; चेहरा लाल झाला, जीभ कोरडी पडली. म्हाताऱ्या माणसाचा घाम आटला आणि बोलणे असंबद्ध झाले की तो उष्माघात समजावा व तडक दवाखाना गाठावा. सुदैवाने तेथवर मजल गेली नव्हती. मनसरला एका निंबाच्या सावलीत गाडी उभी केली, मानेवर ओले पंचे ठेविले, मीठसाखरेचे पाणी घोटघोट दिले, तेव्हा अक्का म्हणाल्या, “अरे, मागे मात्र फिरवू नकोस.”

मनसर हे मँगेनीजच्या खाणींचे गाव. टेकडीवर वाकाटककालीन विटांचे भव्य अवशेष उत्खननात निघाले आहेत. त्या दिवशी आमचे लक्ष अवशेषांकडे नव्हते, रस्त्याकाठच्या एका लहानशा कारखान्याकडे होते. तेथील मिस्त्री तिशीचा. पुतण्याने सांगितले, “पंधरा दिवसांपूर्वीच नागपुरात गॅस भरून घेतला आहे, थोडा कमी पडला असेल, भरून द्या.” मिस्त्री हसला. “भरून देतो जी, पण गेला कुठं ते पाह्यल्याबिगर भरला, तर पंधरा दिवसांनी पुन्हा हेच. आधी पाहू द्या, गुरुजी.”

ह्यानंतर त्याने जे केले, त्यास आमच्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. प्रथम विचारले : गाडी उभी असता हवा गरम आणि धावत असता थंड, असे होते काय? होत असेल तर दोष पुढच्या पंख्याचा. आमची दोन्ही वेळा गरम, म्हणजे पंखा सुटला. मग यंत्र चालू ठेवून आतील नळ हाताने चाचपला. तो गार असून हवा तेवढी गरम येती, तर थंड व उष्ण हवा मिसळणारी झडप अडकली असे ठरते. नळही गरमच. काँप्रेसरकडे पाहिले, तर पट्टा फिरे पण क्लच ओढून घेईना. फ्यूज शाबूत. मग इंजिन थांबवून त्याने दाबमापक जोडला. त्या उन्हात काटा शंभराच्या वर हवा, तो वीसवर लोळत होता.

येथे यंत्राविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. मडक्याचे पाणी झिरपून सुकताना आतले पाणी गार होते, तेच तत्त्व. काँप्रेसर वायूस दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता सोडून द्रव होतो, आणि आतल्या कॉइलमध्ये दाब उतरताच पुन्हा वायुरूप होताना गाडीतील उष्णता शोषून घेतो. काँप्रेसरचे वंगणतेल ह्या वायूबरोबरच फिरते. म्हणून वायू फार घटला की एक स्विच काँप्रेसर चालूच देत नाही, नाहीतर तो कोरडा फिरून जळावयाचा. हा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. घटला तर गळती आहेच.

गळतीची जागा त्या तेलानेच दाखविली. कंडेन्सरच्या सांध्यावर धूळ चिकटून काळा डाग पडला होता. उरलासुरला वायू मिस्त्रीने यंत्राने ओढून बाटलीत घेतला. तो हवेत सोडीत नाहीत. सध्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा वायू वातावरण तापविण्यात कर्बवायूच्या हजारपटीहून प्रबळ आहे. मग नळ्यांत नायट्रोजन भरून सांध्यावर साबणाचे पाणी लाविले, तो टपोरे बुडबुडे! आतले रबरी कडे चिरले होते. एवढ्याशा कड्यापायी अक्कांच्या जिवावर बेतत होते, आणि नागपूरच्या दुकानदाराने ते पाहण्याची तसदीही घेतली नव्हती. नवे कडे बसविले. अर्धा तास पंप लावून नळ्यांतील हवा व ओल काढली. काटा जागचा हलत नाही हे पाहिले आणि मगच बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाबरहुकूम वायू भरला, ग्रॅमभर अधिक नाही. अधिक भरला तरी थंडावा कमीच होतो, असे तो म्हणाला.

उन्हे कलल्यावर आम्ही महामार्ग सोडून उजवीकडे रामटेकच्या फाट्यास वळलो. अक्का आता मुलांस रामाच्या वनवासाची कथा सांगत होत्या. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशी ह्यांचे मत. काही पंडित तो छत्तीसगडात शोधितात. यक्ष आषाढाच्या मेघास पाहून व्याकुळ का झाला ह्याची टीकाकारांनी पुष्कळ कारणे दिली आहेत, पण नुकताच सरलेला ज्येष्ठ कोणी जमेस धरिलेला दिसत नाही! गडावर बरेच वरपर्यंत मोटार जाते. उरलेल्या पायऱ्या अक्का पुतण्याचा हात धरून, तीनदा बसून, चढल्या. खाली अंबाळा तलाव संधिप्रकाशात काळसर दिसत होता. दर्शनानंतर त्यांनी प्रसादाच्या दोन पुड्या बांधून घेतल्या. एक घरची, एक मनसरच्या त्या पोराची.