राजीनामा ते निवाडा

‘राजीनामा’ म्हणजे पदत्याग, हा आजचा अर्थ. पेशवाईतल्या पंचायतीच्या कामकाजात मात्र हा शब्द निराळ्या अर्थाने येतो. पंच देतील तो निवाडा आम्हांस राजीखुशीने मान्य आहे, असे वादी-प्रतिवादींनी आधीच लिहून दिलेले पत्र म्हणजे राजीनामा. अर्थांतर शिकवताना मी हे उदाहरण घेतो, आणि अलीकडे ते घेताना मला आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाची आठवण होते. कारण त्या साऱ्या व्यवस्थेचा पायाही असा राजीनामाच आहे. करार करतानाच दोन्ही पक्ष लवादाचे कलम लिहून ठेवतात. न्यायसत्ता उगम पावते ती या संमतीतून.

या संमतीला जगभर वजन दिले ते १९५८च्या न्यूयॉर्क कराराने. एका देशात झालेला निवाडा दुसऱ्या देशातल्या न्यायालयाने, काही मोजके अपवाद वगळता, अमलात आणावा, हे आज १७०हून अधिक देशांनी मान्य केले आहे. साहजिकच व्यापारी या वाटेने जाऊ लागले. १९२३ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या लवाद न्यायालयाकडे २०२० साली ९४६ नवी प्रकरणे आली. २०२३ मध्ये ८९०. १९९१ साली सुरू झालेल्या सिंगापूरच्या केंद्राने २०२० मध्ये १,०८० प्रकरणे नोंदवली, आणि त्या वर्षी तेथे आलेल्या परदेशी पक्षकारांत भारतीय सर्वाधिक होते. मुंबईतही २०१६ पासून असे केंद्र आहे.

प्रकरणे वाढली, तसा घाईचा आग्रहही वाढला. पॅरिसने २०१७ मध्ये जलद कार्यपद्धती आणली. सिंगापूरच्या १ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांत तर लहान दाव्यांचा निवाडा तीन महिन्यांत देण्याची सोय आहे. येथे माझ्यातला साहित्याचा अध्यापक थबकतो. कारण या जलद पद्धतींत निवाड्याची कारणे थोडक्यात दिली तरी चालतात. आपल्याकडे १९४०च्या कायद्याने लवादावर कारणे देण्याची सक्ती केली नव्हती. १९९६च्या कायद्याने, पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तर, ती केली. कारणमीमांसा हा निवाड्याचा अलंकार नव्हे. हरलेल्या पक्षाला ‘तुझे म्हणणे ऐकले’ असे सांगणारे तेवढेच गद्य त्यात असते. पॅरिसचे न्यायालय निवाड्याचा मसुदा सही होण्यापूर्वी तपासते, हे मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते. चांगला संपादक लेखकाचे मत बदलत नाही. ते नीट मांडले गेले आहे का, एवढे पाहतो.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. जुन्या महजरावर जमलेल्यांची नावे असत, पाटलाच्या नावाजवळ नांगराची खूण असे. निवाड्याला गोताची साक्ष असे. आजचा लवाद बंद दाराआड चालतो. भारताच्या कायद्यातही २०१९च्या दुरुस्तीने गोपनीयतेचे कलम आले. व्यापाऱ्याला आपले गुपित राखण्याचा अधिकार आहे, हे मान्य. पण इंग्लंडचे तत्कालीन सरन्यायाधीश लॉर्ड थॉमस यांनी २०१६ मध्ये बोलून दाखवलेली चिंताही खरी आहे: मोठे वाद लवादाकडे गेले, तर न्यायालयांच्या निर्णयांतून घडणाऱ्या कायद्याची वाढ खुंटते. आधीच्या कृती वाचायलाच मिळाल्या नाहीत तर वाङ्मयीन परंपरेचे जे होईल, तेच येथे होते.

२०१९ पासूनचे निवाडे, कोणत्याही पक्षाची हरकत नसल्यास, किमान दोन वर्षांनी प्रसिद्ध करण्याचे पॅरिसचे धोरण हा मला यातला समंजस मार्ग वाटतो. नावे गाळावीत, आकडे झाकावेत. तर्क मात्र राहू द्यावा. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. तो परमेश्वर काय बोलला, हे निदान पुढच्या पंचांच्या कानी तरी पडायला हवे.